शनिवार ते शनिवार: आठवड्याचे सात दिवस क्वेरीत जुळत नाहीत

तापीकाठ | मंगळवार, ६ जानेवारी २०२६, रात्री १०.१२

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला. आमच्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर दीड वर्षापासून सांभाळतोय. डेटाबेस मायएसक्यूएल, वर साधं पीएचपी.

काम असं आहे: बागेत कापणी झाली की गाडी भरून काट्यावर येते, वजन होतं, पावती निघते. शेतकऱ्याची पट्टी आणि कापणाऱ्या टोळीची मजुरी, दोन्ही आठवड्याला निघतात. गावचा बाजार शनिवारी, म्हणून हप्ताही शनिवारी. काम हातात घेतलं तेव्हा मालक म्हणाले, "शनिवार ते शनिवार काढत जा." मी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तशीच लिहिली:

सिलेक्ट सम(निव्वळ) फ्रॉम हिशेब
वेअर तारीख बिटवीन '२०२५-१२-०६' अँड '२०२५-१२-१३'

(इथे वाचायला सोपं जावं म्हणून कोड देवनागरीत लिहिलाय.)

आता अडचण. ६ डिसेंबर ते २ जानेवारी, बरोबर चार आठवडे. वहीत एकूण २,८४६ क्विंटल. माझ्या चार साप्ताहिक रिपोर्टांची बेरीज ३,२४५. फरक ३९९ क्विंटलचा. पण पूर्ण डिसेंबरची बेरीज एकदम काढली तर वहीशी तंतोतंत जुळते! म्हणजे नोंदी बरोबर आहेत, आठवडे पाडताना काहीतरी बिघडतंय.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली आहे. टोळीचा मुकादम तीन हप्ते सांगतोय की शुक्रवारच्या गाड्या मजुरीत धरल्या नाहीत. मजुरी वेगळ्या टेबलवरून निघते, काटा नावाच्या. तिथे मी शनिवार ते शुक्रवार असंच लिहिलंय, म्हणजे मोजून सात दिवस. ऑफिसात सगळे म्हणाले त्याचाच हिशेब चुकतोय. मलाही तसंच वाटलं होतं. आता खात्री नाही.

एकीकडे जास्त, एकीकडे कमी. कुठे बघू?

गिरणाकाठ | ६ जानेवारी, रात्री १०.४०

भाऊ, दोन गोष्टी सांग.

एक, १३, २० आणि २७ डिसेंबर व ३ जानेवारी या चार शनिवारांचं वजन हिशेब टेबलात किती आहे? वेगवेगळं काढ आणि बेरीज कर.

दोन, हिशेबमधला तारीख कॉलम आणि काटामधला वेळ कॉलम कोणत्या टाइपचे आहेत? डेट, डेटटाइम की टाइमस्टॅम्प?

आणि मुकादमाचं म्हणणं खोटं धरू नकोस. रोज गाडी भरणाऱ्या माणसाची गाड्यांची मोजणी सहसा चुकत नाही.

तापीकाठ | ६ जानेवारी, रात्री ११.०३

दादा, चार शनिवार: १०४, ९७, ११२, ८६. बेरीज ३९९!

टाइप: हिशेबमध्ये नुसती डेट, कारकून हाताने तारीख टाकतो. काटामध्ये टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख आणि वेळ दोन्ही, पावती निघते तेव्हा आपोआप पडतो.

गिरणाकाठ | ६ जानेवारी, रात्री ११.३१

मग दोन्ही दुखणी सापडली. मूळ एकच आहे.

बिटवीन दोन्ही टोकं आत धरतो. ६ ते १३ म्हणजे ६ पण आत आणि १३ पण आत. झाले आठ दिवस. पुढच्या हप्त्यात तू १३ ते २० घेतलंस, म्हणजे १३ तारीख पुन्हा आली. प्रत्येक शनिवार मागच्या आठवड्याच्या शेवटी आणि पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला, असा दोनदा मोजला गेला. शेवटचा ३ जानेवारी तर तुझ्या चार आठवड्यांत यायलाच नको होता, तोही आला. महिन्याची बेरीज एकदम काढली की जोड कुठेच नसतो, म्हणून ती जुळते.

आता काट्याचं बघ. तिथे तू लिहिलं असशील, बिटवीन '२०२५-१२-२०' अँड '२०२५-१२-२६'. वाचताना सात दिवस वाटतात. पण कॉलममध्ये वेळ आहे आणि तू नुसती तारीख दिलीस, तर डेटाबेस ती २६ तारखेचे ००:०० वाजले असं धरतो. म्हणजे शुक्रवार सुरू झाला त्या क्षणालाच तुझा आठवडा संपला. शुक्रवारी दिवसभरात काट्यावर आलेली एकही गाडी त्यात नाही. तुझ्या पट्टीचा आठवडा आठ दिवसांचा आणि मजुरीचा सहा दिवसांचा.

मुकादम बरोबर होता.

दोन्हीकडे एकच पद्धत ठेव, सुरुवात आत आणि शेवट बाहेर:

वेअर वेळ >= '२०२५-१२-२०' अँड वेळ < '२०२५-१२-२७'

डेट असो, टाइमस्टॅम्प असो, हे दोन्हीकडे बरोबर चालतं. एका आठवड्याचा शेवट हाच पुढच्याची सुरुवात. मध्ये फट राहत नाही आणि कोणतीही नोंद दोनदा येत नाही.

नंदुरबारकर | बुधवार, ७ जानेवारी, सकाळी ७.५०

गिरणाकाठ दादांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो, कारण यावर आता कुणीतरी "शेवटाला २३:५९:५९ लावा" असं सांगेल. मी तेच करत होतो. आमच्याकडे मिरचीच्या आवकेचा डेटा एसक्यूएल सर्व्हरवर आहे. २३:५९:५९ लावलं तर शेवटच्या सेकंदातले अपूर्णांक सुटतात. म्हणून कुणी २३:५९:५९.९९९ लावतं. पण तिथल्या जुन्या डेटटाइम टाइपची बारकाई सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंतच आहे, त्यामुळे .९९९ हे वर सरकून दुसऱ्या दिवसाचे ००:०० होतात. मग मध्यरात्रीची म्हणून पडलेली, म्हणजे नुसती तारीख टाकलेली प्रत्येक नोंद आत येते. आमच्याकडे जुन्या फायलींमधून आणलेल्या सगळ्या नोंदी अशाच होत्या, नुसत्या तारखेच्या. एक अख्खा दिवस जास्तीचा धरला गेला होता आणि तो शोधायला मला दोन दिवस लागले.

"पेक्षा लहान" लिहिलं की हा प्रश्न उरतच नाही.

अमळनेरचा_पोरगा | ७ जानेवारी, सकाळी ९.१५

माझे वडील जिनिंगमध्ये मुनीम होते, आता घरी असतात. रात्री हा धागा त्यांना वाचून दाखवला. ते लगेच म्हणाले (आमच्या अहिराणीतच लिहितो):

"आम्ही शनवार ते शनवार म्हंतस, पन दुसरा शनवार धरतस नही. तो नवा हप्तामा जास."

म्हणजे त्यांच्या डोक्यात "पेक्षा लहान" आधीपासून होतं, फक्त बोलताना दोन्ही शनिवार तोंडात येतात. वहीत ते दुसऱ्या शनिवारच्या आधी आडवी रेघ मारायचे. बाजाराच्या सकाळी पहिली गाडी काट्यावर चढायच्या आत रेघ पडलेली असायची.

मला वाटतं आपल्या भाषेतच हे मुरलेलं आहे. "आठवडा" शब्दात आठ आहेत, दिवस सात. "आठ दिवसांनी ये" म्हटलं की माणूस त्याच वारी येतो. आपण आजचा दिवस पण मोजतो आणि पोचण्याचा पण मोजतो. बोलण्यात याने कधी कुणाचं अडलं नाही. पण तसंच्या तसं क्वेरीत उतरवलं की खरोखर आठ दिवस होतात.

तापीकाठ | ७ जानेवारी, दुपारी १.२०

काकांना माझा नमस्कार सांगा. मालकांना आत्ताच विचारलं, "दुसरा शनिवार धरायचा का?" ते म्हणाले, "तो कसा धरणार, तो तर पुढचा." दीड वर्षात मी हा एक प्रश्न विचारला नव्हता.

पट्टीची क्वेरी बदलली. चार आठवड्यांची बेरीज २,८४६. जुळली!

आता पुढचं. वर्षाच्या रिपोर्टमध्ये मी आठवड्याचा नंबर काढून ग्रुप केलंय, म्हणजे ग्रुप बाय यीअर(तारीख), वीक(तारीख, ३). त्यात २०२५ चा पहिला आठवडा आजूबाजूच्या आठवड्यांपेक्षा मोठा दिसतोय. हा रिपोर्ट मालक बँकेत देणार आहेत, म्हणून काळजी वाटते.

गिरणाकाठ | ७ जानेवारी, रात्री ९.०५

हा प्रश्न दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कुणाला ना कुणाला पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठवड्याचा नंबर एकट्याने फिरत नाही, त्याच्या जोडीला त्याचं स्वतःचं वर्ष असतं. आयएसओ ८६०१ या मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. दुसऱ्या शब्दांत, ४ जानेवारी ज्यात येते तो. त्यामुळे वर्षाच्या कडेचे काही दिवस शेजारच्या वर्षात जातात.

२९ डिसेंबर २०२५ ला सोमवार होता. १ जानेवारी २०२६ गुरुवार. म्हणून २९, ३० आणि ३१ डिसेंबर हे दिवस २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडतात. तुझ्या वीक(तारीख, ३) ने त्यांना बरोबर १ नंबर दिला. पण यीअर(तारीख) ने २०२५ दिलं. झालं "२०२५, आठवडा १". या नावाचा गठ्ठा आधीच तयार होता, मागच्या जानेवारीतला, १ ते ५ जानेवारी २०२५. त्यात हे तीन दिवस जाऊन बसले. ५ आणि ३ मिळून पुन्हा आठच दिवस, आणि तेही वर्षाच्या दोन टोकांचे!

मायएसक्यूएलमध्ये नंबरच हवा असेल तर यीअरवीक(तारीख, ३) वापर. ते वर्ष आणि आठवडा एकत्र देतं, २९ डिसेंबर २०२५ ला २०२६०१. दुसरा आकडा म्हणजे मोड, तो लिहायला विसरू नकोस. न लिहिल्यास मोड शून्य धरला जातो, म्हणजे रविवारपासून सुरू होणारा आठवडा आणि पहिला रविवार येईल तो पहिला. नुसत्या वीक() चा मोड डिफॉल्ट_वीक_फॉरमॅट या सेटिंगवरून ठरतो, पण यीअरवीक() त्या सेटिंगकडे बघतच नाही. एकाच क्वेरीत दोन्ही मोडशिवाय लिहिले तर दोघांचे आठवडे वेगळे निघू शकतात.

मोड शून्याचं आणखी एक बघ. १, २, ३ जानेवारी २०२६ ला वीक() उत्तर देतं ० आणि २८ ते ३१ डिसेंबरला ५२. प्रत्यक्षात तो रविवार ते शनिवार असा एकच आठवडा आहे. रिपोर्टमध्ये त्याचे दोन तुकडे होतात, एक चार दिवसांचा, एक तीन. मालकाला वाटतं वर्षाच्या शेवटी माल पडला.

यंदा तर जास्त जपायला हवं. २०२६ मध्ये आयएसओचे ५३ आठवडे आहेत. याआधी २०१५ आणि २०२० मध्ये होते. ५३ वा आठवडा २८ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी २०२७. ज्यांनी कोडमध्ये १ ते ५२ असा लूप लिहिलाय त्यांचा तो आठवडा रिपोर्टमध्ये दिसणारच नाही. आत्ताच शोधून ठेवा.

पण भाऊ, खरं सांगू? तुला नंबर नकोच आहे. तुझा आठवडा शनिवारचा, आणि या दोन्ही मोडांत शनिवारी आठवडा सुरू होत नाही. तुमच्याकडे कुणी "५२ वा आठवडा" म्हणतं का? "२० तारखेचा हप्ता" म्हणत असतील. मग आठवड्याला त्याच्या सुरुवातीच्या तारखेनेच ओळख. कोणत्याही तारखेवरून तिच्या आठवड्याचा शनिवार असा निघतो:

डेट_सब(तारीख, इंटरव्हल मोड(वीकडे(तारीख) + २, ७) डे)

इथला मोड() म्हणजे भागाकाराची बाकी, वरचा आठवड्याचा मोड नव्हे. वीकडे() सोमवारला ० देतं, शनिवारला ५. त्यात २ मिळवून ७ ने भागलं की शनिवारची बाकी ०, रविवारची १, शुक्रवारची ६. तेवढे दिवस मागे जायचं. बुधवार २४ डिसेंबर घे: वीकडे २, अधिक २ म्हणजे ४. चार दिवस मागे, २० डिसेंबर, शनिवार. यानेच ग्रुप कर. वर्ष बदललं तरी काही तुटत नाही, कारण तारखेत वर्ष आलंच.

शिरपूर_०२ | ७ जानेवारी, रात्री ९.४४

मी शिकतोय अजून. हाच फॉर्म्युला वेअरमध्ये टाकला तर चालेल ना? म्हणजे "फॉर्म्युला(तारीख) = '२०२५-१२-२०'". छोटं होतं.

गिरणाकाठ | ७ जानेवारी, रात्री ९.५८

उत्तर बरोबर येईल, पण हळू येईल. कॉलमवर फंक्शन लावलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कामाला येत नाही, डेटाबेस प्रत्येक ओळ उघडून गणित करत बसतो. पाच हजार ओळींत कळणार नाही, पाच लाखांत कळेल. वेअरमध्ये कॉलम मोकळा ठेवायचा. गणित दुसऱ्या बाजूला, आधीच करून घेतलेल्या दोन तारखांवर. ग्रुप करताना मात्र फॉर्म्युला वापरायला हरकत नाही, तोवर ओळी गाळून झालेल्या असतात.

धुळ्याची_ताई | गुरुवार, ८ जानेवारी, सकाळी ११.२०

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी लिहिते. डेट_ट्रंक('वीक', …) नेहमी सोमवारच देतं. शनिवार हवा असेल तर आधी दोन दिवस पुढे ढकला, ट्रंक करा, मग दोन दिवस मागे या. आवृत्ती १४ पासून डेट_बिन आहे, त्यात सात दिवसांचा टप्पा आणि सुरुवात म्हणून कोणताही एक शनिवार दिला की झालं. आणि टू_चार मध्ये आयएसओ आठवड्यासोबत आयएसओ वर्षाचीच खूण लावा. साधं वर्ष आणि आयएसओ आठवडा यांची जोडी लावली की वर दादांनी सांगितलेलाच घोळ होतो, फक्त डेटाबेस वेगळा.

मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, मी आता गणित क्वेरीत ठेवतच नाही. "आठवडे" नावाचं एक टेबल करते. कॉलम तीनच: सुरुवात, पुढची_सुरुवात आणि टीप. दहा वर्षांचे आठवडे भरले तरी सव्वापाचशेच्या आत ओळी. मग प्रत्येक रिपोर्ट त्या टेबलपासून सुरू होतो:

फ्रॉम आठवडे आ
लेफ्ट जॉइन काटा क
ऑन क.वेळ >= आ.सुरुवात अँड क.वेळ < आ.पुढची_सुरुवात

याचा मोठा फायदा म्हणजे रिकामे आठवडे. तापीकाठ भाऊ, आखाजीला तुमच्याकडची टोळी गावी जात असेल. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, बुधवारी. समजा २६ एप्रिल ते २ मे या आठवड्यात एकही पावती नाही. नुसत्या ग्रुप बायमध्ये तो आठवडा येणारच नाही. आलेखात १९ एप्रिलच्या शेजारी थेट ३ मे लागेल आणि बघणाऱ्याला खंड दिसणारच नाही. सरासरी काढली तर भागाकारात एक आठवडा कमी धरला जाईल. आठवडे टेबलपासून सुरू केलं की ती ओळ शून्यासकट येते, आणि टीप कॉलममध्ये "आखाजी" लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी मालक विचारत नाहीत.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. काट्यावरची कोणतीही अट, उदाहरणार्थ "प्रकार = केळी", वेअरमध्ये टाकली की रिकामे आठवडे पुन्हा गळतात. ती ऑनमध्येच टाका. आणि गाड्या मोजताना काउंट(*) नको, काउंट(क.पावती) हवं. नाहीतर रिकाम्या आठवड्यात एक गाडी दिसते.

नंदुरबारकर | ८ जानेवारी, दुपारी ३.०२

ताई, आठवडे टेबलचं पटलं. आमच्याकडे तर मिरचीचा हंगाम सोडला की महिनोन्महिने रिकामे जातात.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. डेटपार्टचा साधा आठवडा डेटफर्स्ट (आठवड्याचा पहिला वार) या सेटिंगवर चालतो, आणि ते लॉगिनच्या भाषेवरून बदलतं. अमेरिकी इंग्रजीत रविवार. पण डेटडिफने आठवडे मोजले की तो डेटफर्स्टला विचारत नाही, कायम रविवारच धरतो. शिवाय तो पूर्ण आठवडे मोजत नाही, मध्ये किती रविवार ओलांडले ते मोजतो. शनिवार ते रविवार एका दिवसाचं अंतर, तो म्हणेल एक आठवडा.

तापीकाठ | ८ जानेवारी, रात्री १०.३५

ताई, आठवडे टेबल आजच केलं. आखाजी आणि पोळा टिपेत टाकले.

आता एक नवीनच निघालं. मजुरीची क्वेरी बदलल्यावर मुकादमाला बोलावून घेतलं. त्याच्या खिशात छोटी डायरी असते. एका पानावर एक दिवस, प्रत्येक गाडीला एक उभी रेघ, पाचवी आडवी. त्याच्या डायरीवरून आणि माझ्या स्क्रीनवरून आम्ही एक एक दिवस लावत गेलो. चारही शुक्रवारच्या गाड्या आल्या होत्या. सगळं जुळलं!

मग संध्याकाळी मी सर्व्हरची सेटिंग बघितली. सर्व्हर क्लाउडवर आहे, सेशनचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, होता. मला वाटलं हीसुद्धा चूकच, म्हणून तो +०५:३० केला. आणि जुळलेलं बिघडलं. शुक्रवार १९ डिसेंबरला मुकादमाच्या डायरीत दोन रेघा, माझ्याकडे एकच गाडी. दुसरी गाडी शनिवार २० तारखेत गेली, म्हणजे पुढच्या हप्त्यात. पावतीवर वेळ आहे पहाटे २.४०.

टाइमझोन बरोबर केल्यावर हिशेब चुकीचा कसा झाला?

गिरणाकाठ | ८ जानेवारी, रात्री ११.१०

चांगलं झालं तू डायरीशी लावून बघितलंस, नाहीतर हे कळलं नसतं.

भारतात शनिवारचे पहाटेचे २.४० म्हणजे यूटीसीमध्ये शुक्रवारचे रात्री ९.१०. यूटीसीत तुझा दिवस मध्यरात्री नाही, आपल्या पहाटे साडेपाचला बदलत होता. म्हणून ती गाडी शुक्रवारात बसत होती. आता मध्यरात्रीला बदलतो, म्हणून ती शनिवारात गेली. टाइमझोन तू बरोबरच केलास. आधी जुळत होतं ते योगायोगाने.

पण मुकादम तिला शुक्रवारची का म्हणतो ते त्याला विचार.

तापीकाठ | शुक्रवार, ९ जानेवारी, सकाळी ८.२५

विचारलं. तो म्हणाला, "शुक्रवारी दुपारी कापायला लागलो, रात्री गाडी भरली, काट्यावर नंबर उशिरा लागला. ती शनिवारची कशी?"

त्याचं बरोबर आहे. टोळीसाठी दिवस झोपेपर्यंत असतो, बारा वाजेपर्यंत नाही.

अमळनेरचा_पोरगा | ९ जानेवारी, सकाळी ९.०२

वडील म्हणतात जिनिंगमध्येही रात्रपाळीचा कापूस आदल्या दिवसात लिहायचे. रेघ पहाटे मारायची, मध्यरात्री नाही.

धुळ्याची_ताई | ९ जानेवारी, सकाळी ९.४०

मग दिवसाची हद्द तुम्हीच ठरवा आणि ती लिहून ठेवा. रात्रीच्या सगळ्या गाड्या उतरलेल्या असतात आणि सकाळची पहिली अजून आलेली नसते, अशी वेळ शोधा. काटा टेबलात तासाप्रमाणे पावत्या मोजल्या की लगेच दिसेल. मग आठवडे टेबलमध्ये सुरुवात नुसती तारीख न ठेवता वेळेसकट ठेवा: '२०२५-१२-२० ०५:००' ते '२०२५-१२-२७ ०५:००'. क्वेरी तीच राहील, एक अक्षर बदलायला नको. टाइमझोन मात्र भारताचाच ठेवा. यूटीसीवर सोडून "जुळतंय ना" म्हणू नका. उद्या कुणी सर्व्हर हलवला, सेटिंग बदलली, की ती गाडी गुपचूप पुढच्या हप्त्यात जाईल आणि मुकादमाला पुन्हा तीन आठवडे भांडावं लागेल.

पट्टीच्या टेबलाला हे लावू नका. तिथे कारकून हाताने तारीख टाकतो, म्हणजे तो निर्णय माणसाने आधीच घेतलेला आहे.

तापीकाठ | शनिवार, १० जानेवारी २०२६, दुपारी १२.४५

तासाप्रमाणे मोजलं. पहाटे ४ ते ६ मध्ये दीड वर्षात एकही पावती नाही. हद्द ५ वाजता ठेवली, मालकांना आणि मुकादमाला समोरासमोर विचारून. टाइमझोन भारताचा. पावती २.४० ची शुक्रवारात आली, डायरीशी सगळे दिवस जुळले.

आज बाजार. सकाळी चालू हप्त्यासोबत १२, १९, २६ डिसेंबर आणि २ जानेवारी या चार शुक्रवारांची राहिलेली मजुरी मालकांनी टोळीला दिली. त्याआधीच्या शुक्रवारांची यादी मी मागच्या हंगामापासून काढतोय. डायरीची जुनी पानं मुकादमाच्या घरी आहेत, तो सोमवारी घेऊन येणार आहे.